ज्येष्ठ निरीक्षकाचा शेरा

द्वारकाबाई केतकरांनी एखाद्या मुलीला नाही म्हटलं, की ती मुलगी निमूटपणे घरी जायची आणि पुढच्या आठवड्यात बॅडमिंटनला नाव नोंदवायची. सदाशिव पेठेतल्या नवज्योत मंडळाच्या सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टवर बत्तीस वर्षं हे असंच चालत आलं होतं. आईबाप भांडायला येत नसत. पुण्यात आईबाप भांडायला येत नाहीत म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यालाच कळेल. बाई शाळेत पीटी शिकवायच्या, तरुणपणी राज्याच्या संघातून खेळलेल्या, आणि त्यांची नजर चुकत नाही हे पेठेने एकदाचं मान्य करून टाकलं होतं. बाईंनीही केलं होतं, हे आधीच सांगितलेलं बरं.

त्यांची पद्धत साधी होती. बास्केट किती पडल्या ते त्या स्कोअर लिहिणाऱ्यावर सोडून देत. त्या बघत ते वेगळंच. मुलीला बदलून बाहेर बसवलं की ती टॉवेल स्वतःच्या गळ्यात टाकते, का आत जाणारीच्या हातात देते. आणि दुसरं म्हणजे फाउल. पूर्वी शिट्टी झाली की ज्याने फाउल केला त्याने हात सरळ वर करायचा, अशी शिस्त होती. आता कोणी करत नाही, पंचही मागत नाहीत. बाईंच्या कोर्टवर मात्र करायचा. पंचांना दिसला नसला तरी करायचा. "हात वर कर आणि पुढे खेळ," असं त्या बाकावरून ओरडायच्या. ज्या मुलीचा हात आपोआप वर जायचा तिला बाई बाकीचं बरंच माफ करत.

यंदा मार्चमध्ये मंडळाचे अध्यक्ष दत्तप्रसाद आगाशे सकाळी सातलाच त्या बाकावर येऊन बसले. अध्यक्ष सातला उठतात हीच मुळात बातमी होती.

"बाई, एक काम आहे. मानधन नाही. चहा मिळेल, तोही बिनसाखरेचा, कारण मला डॉक्टरांनी बंद केलीये."

"मुद्द्यावर या."

"उत्कर्षाचं मूल्यमापन करायचंय. शहर लीगचे तीन हंगाम झाले. आपले विश्वस्त बद्रीनाथ म्हणतात, तिने मंडळाच्या मुली काढून बाहेरच्या भरल्या, तिला घालवा. मी म्हणतो, आठात सातवा असलेला संघ तिने फायनलला नेला, तिला आणखी पाच वर्षं द्या. आमचं दोघांचं आजवर कशावरच एकमत झालेलं नाही. तुम्ही अहवाल लिहा, आम्ही दोघंही मान देऊ."

"अहो, माझीच विद्यार्थिनी ती. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, बाईंनी लिहिलंय. त्याच्यापुढे कोणी काही म्हणत नाही, तेवढ्यासाठी तर आलो."

बाईंना हे ऐकून बरं वाटलं. एवढंच नव्हे, घरी जाताना त्यांनी गवार घ्यायची ती विसरून चक्क आंबा बर्फी घेतली.

उत्कर्षा निंभोरकर ही बाईंची हौस होती, दुसरा शब्द नाही. तिचे वडील यवतमाळकडून चाकणच्या कारखान्यात कामाला आलेले, आणि पेठेतल्या दोन खोल्यांत ही अकरा वर्षांची काडी मुलगी, 'काय करून राहिली' असं वऱ्हाडी बोलायची म्हणून वर्गात सगळ्यांच्या थट्टेचा विषय. बाईंनी तिला उचलून कोर्टवर आणलं. पुढे ती विद्यापीठाकडून खेळली, गुडघा गेला, मग क्रीडा व्यवस्थापन शिकून आली. शहर लीगमध्ये मंडळाने महिलांचा संघ उतरवला तेव्हा तिला जनरल मॅनेजर नेमलं. खेळाडू शोधायचे, निवडायचे, काढायचे, संघ बांधायचा, सगळं तिच्याकडे. त्या पदाच्या नावाने पेठेत करमणूक झाली. 'जनरल आले, आता कर्नल कधी,' असं बद्रीनाथांनी सूचना फलकाखाली उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं होतं. बाई मात्र तेव्हा सात जणांना फोन करून सांगत बसल्या होत्या की आमची उत्कर्षा जीएम झाली.

मूल्यमापनाला बाई जशा पेपर तपासायला बसत तशाच बसल्या. मंडळाच्या ऑफिसातल्या खोलीत रोज दोन तास, चष्मा, लाल पेन, आणि पुढ्यात उत्कर्षाने तपासायला दिलेल्या फायली. शेजारी कॉम्प्युटरवर तीन वर्षांच्या सामन्यांची चित्रणं. आणि पहिल्या आठवड्यात बाई खूश झाल्या. खरंच खूश झाल्या. पोरीने डोकं चालवलं होतं.

कौशल्या या मुलीचंच घ्या. मुळशीच्या बाजूच्या एका गावातून उत्कर्षाने ही कबड्डी खेळणारी मुलगी उचलली होती. बास्केटबॉल तिने हातात धरला नव्हता. पण बोर्डावर आपटून परत येणारा चेंडू कुठे पडणार हे तिला आधी कळायचं आणि तिथे ती आधीच पाय रोवून उभी असायची. बाईंनी तिला कोर्टवर गाठून विचारलं, "तुला कसं गं कळतं?"

"आमच्या गावात आंबं पाडायचं तवा कळायचं, बाई. कुटल्या बाजूला पडतंय त्ये. उत्कर्षाताईंनी जत्रंत कबड्डी बघितली नि म्हनल्या, चल. लई चांगल्या हायत त्या."

बाईंनी लाल पेनने लिहिलं: कौशल्या — उत्तम निवड. मला जमली नसती. असं कबूल करायला बाईंना वीस मिनिटं लागली, पण त्यांनी लिहिलं.

पटलं नाही ते एवढंच, की हा संघ शेवटच्या चार मिनिटांत गडबडायचा. फायनलचं चित्रण बाईंनी तीनदा पाहिलं. सहा गुणांनी पुढे असलेला संघ, आणि चेंडू धरून थंड डोक्याने वेळ काढील अशी एक मुलगी नाही. सगळ्या उंच, सगळ्या वेगवान, आणि सगळ्यांना घाई. शेवटी पाच गुणांनी हरला. 'इथे मिसबा असती तर,' असं बाईंच्या मनात आलं आणि त्या जराशा चिडल्या.

मिसबा अत्तार. मंडईमागे तिच्या वडिलांचं, अमीनभाईंचं सुतळी-बारदानाचं दुकान आहे, तीन पिढ्यांचं. नवव्या वर्षापासून ती मंडळात. धावायला यथातथा, पण चेंडू तिच्या हातात आला की बाकीच्या चौघी शांत व्हायच्या. बाईंच्या कोर्टवर हात सगळ्यात सरळ वर जायचा तो तिचा. आणि ही पोरगी पहिल्याच हंगामाआधी न सांगता सवरता येईनाशी झाली. बाई तेव्हा रत्नागिरीला बहिणीच्या आजारपणात तीन आठवडे गेलेल्या. परत आल्यावर उत्कर्षाने सांगितलं, पाच जणी स्वतःहून गेल्या बाई, एकीचं लग्न ठरलं, बाकीच्यांना नोकऱ्या. मिसबा आयटी कंपनीत लागली. ठीक आहे, लागली. पण निदान सांगावं? पुढे मंडईत समोरासमोर आली तर ती चक्क मान फिरवून कांद्याच्या गाळ्यात शिरली. बाईंना ते लागलं होतं. 'पगार सुरू झाला की माणसं ओळख विसरतात,' असं त्या दोन-चार ठिकाणी बोलल्याही होत्या.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी पहिल्या हंगामाची फाइल उघडली. निवड चाचणीची पत्रकं. प्रत्येक खेळाडूचं एक: उंची, वेग, उडी, कौशल्य, आणि सगळ्यात खाली चौकटीत 'ज्येष्ठ निरीक्षकाचा शेरा'. मंडळात ज्येष्ठ निरीक्षक म्हणजे बाईच. पत्रक मिसबा अमीन अत्तारचं होतं. शेरा टाइप केलेला होता.

'पाय जड. निर्णय उशिरा घेते. वाढ संपली आहे. मोठ्या स्पर्धेसाठी उपयोग नाही. वेळीच थांबणे खेळाडूच्या हिताचे.'

खाली सही. द्वारका म. केतकर. 'र' चं शेपूट लांब ओढलेलं, जसं त्या बत्तीस वर्षं प्रगतिपुस्तकांवर ओढत आल्या होत्या. खोटी सही नव्हती. बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. तारीख पाहिली. त्या तारखेला त्या रत्नागिरीच्या दवाखान्यात बहिणीला सूप भरवत होत्या.

पाचही पत्रकांवर तसंच. पाच शेरे, पाच सह्या. शिवाय प्रत्येकीला धाडलेल्या पत्राची प्रत: 'ज्येष्ठ निरीक्षकांच्या अभिप्रायानुसार आपला विचार करता येत नाही. अभिप्रायाची प्रत सोबत.'

मग त्यांना खंडेनवमी आठवली. मंडळाची जुनी रीत आहे. खंडेनवमीला कोर्टवर चादर अंथरायची, तिच्यावर चेंडू, हवेचा पंप, शिट्ट्या, स्कोअरबुक मांडायचं, झेंडू वाहायचा, आणि येणाऱ्या हंगामाच्या पहिल्या कोऱ्या पत्रकावर ज्येष्ठांनी सही करून मुहूर्त करायचा. एका पत्रकावर. त्या वर्षी उत्कर्षा नऊवारी नेसून आलेली. नमस्कार केला आणि सबंध गठ्ठाच पुढे केला. "बाई, सगळ्यांवरच करा ना. सारखं तुम्हाला तीन जिने चढायला नको. तुमच्या हातानेच सगळा हंगाम सुरू होऊ दे." बाईंचे डोळे भरून आले होते. हातात पेढा होता, तो त्यांनी डाव्या हातात घेतला आणि उजव्याने सह्या केल्या. साठ की सत्तर. पुढच्या दोन खंडेनवमींनाही केल्या.

ज्या मुलीला आपण चेंडू धरायला शिकवलं तिने आपला हातच चोरून नेला, असं बाईंना वाटलं. फाइल बंद करून त्या खिडकीशी गेल्या. खाली कोर्टवर मुली हसत होत्या.

संध्याकाळी सराव संपल्यावर त्यांनी उत्कर्षाला बाकावर बोलावलं आणि मिसबाचं पत्रक तिच्या मांडीवर ठेवलं.

उत्कर्षाने ते वाचलं नाही. वाचायची गरज नव्हती. "ही फाइल चुकून गेली," ती म्हणाली.

"एवढंच?"

"बाई, त्या पाच जणींना काढायलाच हवं होतं. तुम्हीच सांगा ना, त्यातल्या चार जणी लीगच्या लेव्हलच्या होत्या का? ऑनेस्टली?"

"चार नव्हत्या."

"मग?"

"मग तसं तुझ्या सहीने लिहायचं. माझं नाव कशाला?"

उत्कर्षा जे बोलली ते अगदी शांतपणे, जणू वेळापत्रक सांगते आहे. "माझ्या सहीने त्या घरी गेल्या नसत्या. पालक आले असते, बद्रीनाथकाकांनी मीटिंग घेतली असती, पेपरला पत्र गेलं असतं. पहिला हंगाम भांडणातच गेला असता. तुमचं नाव बघितलं आणि एक फोन आला नाही, बाई. एकही नाही. तुम्हाला तुमच्या नावाची पॉवर माहीतच नाही."

"आणि मिसबा? ती पाचवी. निर्णय उशिरा घेते? मिसबा?"

आता मात्र उत्कर्षाने मान वळवली. "पोरी तिचं ऐकायच्या. मी काही सांगितलं की आधी तिच्याकडे बघायच्या, मग करायच्या. मला माझा संघ बांधायचा होता."

बाईंचा तोल गेला. आयुष्यात त्यांनी मुलींवर आवाज चढवला होता तो मैदानाच्या पलीकडे पोचायला हवा म्हणून. या वेळी समोरची हातभरच अंतरावर होती. "तुला लाज नाही वाटली? ती पोरगी मंडईत मला बघून तोंड फिरवते, आणि मी तिलाच नावं ठेवत हिंडले! दोन वर्षं! आणि तू रोज इथे येऊन माझ्या पाया पडत होतीस!"

"तुम्ही काय बोलून राहिल्या, बाई!" उत्कर्षाच्या तोंडून ते जुनं बोलणं निसटलं, आणि तिच्याच ते लक्षात आलं. ती सावरली. "हे बघा. अहवालात खेळाचं लिहायचंय. निवड कशी, बांधणी कशी. सह्यांचं कोणी विचारलेलं नाही. तुम्ही काढलंत तर लोक मला नावं ठेवतीलच, पण आधी विचारतील, बाई न वाचता सह्या करतात का? मग बत्तीस वर्षांत ज्यांना ज्यांना तुम्ही नाही म्हणालात, त्या सगळ्या विचारतील. सही तर तुमचीच आहे ना."

ती उठली, आणि जाताना सवयीने वाकून नमस्कारही करून गेली. बाईंनी पाय मागे घेतले, पण उशीर झाला होता.

रविवारी सकाळी बाई मंडईमागच्या दुकानात गेल्या. अमीनभाई सुताच्या लडी मोजत होते. एरवी 'या बाई, बसा' म्हणून स्टूल पुसणारा माणूस. त्या दिवशी त्यांनी मान वर केली, 'मिसबा, कोणीतरी आलंय' एवढंच आत सांगितलं आणि पुन्हा मोजायला लागले. बत्तीस वर्षांत बाई कुठे 'कोणीतरी' झाल्या नव्हत्या.

मिसबा बाहेर आली. सुट्टीच्या दिवशी ती वडिलांना मदत करते. हातात सुतळीचा गुंडा होता, तो ती गुंडाळतच राहिली. बाईंनी सगळं उभ्याउभ्याच सांगितलं. खंडेनवमी, गठ्ठा, रत्नागिरी. शेरा माझा नाही.

"ते लेटर अजून आहे माझ्याकडे," मिसबा म्हणाली. "पाठ आहे. वेळीच थांबणे खेळाडूच्या हिताचे."

"मी नाही लिहिलं ते, मिसबा."

"उत्कर्षाताईंनी लिहिलंय असं कळलं असतं ना, तर मी भांडले असते. ऑफिसात जाऊन टेबल वाजवलं असतं. दुसऱ्या क्लबला ट्रायल दिली असती. दोन क्लब बोलवत होते." गुंडा गरगर फिरत होता. "पण तुम्ही लिहिलं म्हटल्यावर काय भांडणार? मला वाटलं, बाईंना दिसलंय म्हणजे खरंच असणार. मलाच कळलं नसेल. त्यानंतर शूज काढले ते काढलेच."

"मला विचारायचंस तरी."

"तुमच्या शेऱ्यावर कोणी विचारतं का, बाई?"

खरं होतं. कोणी विचारत नसे, आणि बाईंना त्याचाच अभिमान होता.

"तुम्ही सही केली तेव्हा वर काहीच लिहिलेलं नव्हतं?" मिसबाने विचारलं.

"काहीच नव्हतं."

"मग सही कशावर केलीत?"

दुकानाच्या दारातून एक हमाल पोती घेऊन गेला, त्याला वाट द्यायला दोघी बाजूला झाल्या.

"आता एक सांगा," मिसबा म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिने सरळ बाईंकडे पाहिलं. "मी खेळू शकले असते? लीग?"

नाही म्हणणं सोपं होतं. एका शब्दात त्या पोरीची हळहळ संपली असती, बाईंचीही सुटका झाली असती. "हो," बाई म्हणाल्या. "फायनलची शेवटची चार मिनिटं तुझी होती. मी तीनदा बघितली. तू हवी होतीस."

मिसबाचा गुंडा थांबला. तिचे डोळे भरले आणि ती रागाने लाल झाली. "हे आज सांगताय?"

अमीनभाई गल्ल्यावरून उठले आणि मुलीच्या मागे येऊन उभे राहिले.

"हे मीटिंगमध्ये सांगणार आहात?" मिसबाने विचारलं.

बाईंना उत्कर्षाचं बोलणं आठवलं, आणि उत्तर द्यायला एक क्षण उशीर झाला. तो एक क्षण मिसबाला दिसला. निर्णय उशिरा घेणारी ती नव्हती. ती कोरडं हसली, "जाऊ दे बाई," म्हणाली आणि आत गेली.

दुपारी बाईंनी कपाटातून जुन्या वह्या काढल्या. चाचणीला आलेल्या प्रत्येक मुलीबद्दल त्या दोन ओळी लिहून ठेवत. उत्कर्षा सापडायला वेळ लागला नाही. वय अकरा. 'चेंडू हातात नसतानाही मोकळी जागा शोधते. डोकं विलक्षण. फाउल झाला की हात वर करत नाही, शेजारणीकडे बघते.' आणि पुढे कंसात, त्यांच्याच अक्षरात, 'सुधारेल.'

म्हणजे दिसलं होतं. अकराव्या वर्षीच दिसलं होतं. त्या मुलीचा मोह पडला म्हणून बाईंनी एक शब्द पुढे जोडला आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःची पद्धत मोडली. पुढे त्या हाताकडे त्यांनी पुन्हा कधी पाहिलं नाही. बाई वही मांडीवर घेऊन रडल्या. उत्कर्षाचा राग होताच, पण त्याच्याखाली दुसरा राग होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी बैठक झाली. अध्यक्ष, बद्रीनाथ, बाकीचे तीन विश्वस्त. उत्कर्षा टेबलाच्या टोकाला लॅपटॉप उघडून बसलेली, तिच्या शेजारी खेळाडूंची प्रतिनिधी म्हणून कौशल्या. चहा खरोखरच बिनसाखरेचा होता.

बाईंनी अहवाल वाचला. जे चांगलं होतं ते हात आखडता न घेता लिहिलं होतं. 'खेळाडू ओळखण्याची क्षमता: असामान्य. कौशल्यासारखी निवड मी स्वतः करू शकले नसते. संघबांधणी: धाडसी, बहुतांशी योग्य. बाहेरच्या मुली घेतल्याचा आक्षेप मला मान्य नाही.' बद्रीनाथांनी नाक मुरडलं. अध्यक्षांनी समाधानाने पेन उघडलं. उत्कर्षाचे खांदे सैल झाले. तिला वाटलं, बाई सांभाळून घेणार. इतकी वर्षं घेतच आल्या होत्या.

"पुढे आहे," बाई म्हणाल्या. "मिसबा अत्तारला वगळणं ही या तीन वर्षांतली सगळ्यात मोठी चूक. ती नजरेची चूक नव्हती, जाणूनबुजून केलेली होती. तिला आणि आणखी चौघींना जे शेरे पाठवले ते खोटे आहेत. ज्येष्ठ निरीक्षक त्या चाचणीला हजर नव्हत्या. शेरे मॅनेजरने लिहिले." त्यांनी पाचही पत्रकं टेबलावर सारली. "पाच जणींना माफीचं पत्र जावं. मॅनेजरला मुदतवाढ देऊ नये. आणि निरीक्षक मंडळातून माझं नाव आजच काढावं."

अध्यक्षांनी पत्रकं उलटसुलट करून पाहिली. नेहमीची थट्टा त्यांना सुचेना. "पण बाई," ते म्हणाले, "यांच्यावर सह्या आहेत. ह्या सह्या कोणी केल्या?"

उत्कर्षाकडे बाईंनी एकदा पाहिलं. अजूनही त्यांना वाटत होतं, हे त्यांचं वेडच, की ती काहीतरी बोलेल. बाई, थांबा, हे मी केलं, एवढं जरी. पण उत्कर्षा शेजारी बघत होती. कौशल्याकडे. कौशल्या बिचारी गोंधळून पत्रकांकडे बघत होती.

बाईंनी उजवा हात उचलला. सरळ, कानाला दंड चिकटवून, बोटं जुळवून, जसा त्या नऊ-नऊ वर्षांच्या मुलींना शिकवत आल्या होत्या. त्यांचं वय पासष्ट, खांदा गेली दोन वर्षं धरलेला. दुखत होता. मैदानावर पंच नंबर टिपतात, खेळ पुढे सुरू होतो आणि हात खाली येतो. इथे कोणी काहीच टिपून घेत नव्हतं, आणि हात खाली घ्या असंही कोणी म्हणेना.